मोटरहोमचा डिझेलचा काटा: कामाच्या नोंदी

३ ऑक्टोबर

डिझेलचा काटा बिनभरवशाचा आहे हे जुनंच दुखणं. आज मात्र तो रंगेहाथ सापडला. चढावर असताना काटा रिकामीच्या रेघेखाली जाऊन पडला आणि त्याच वेळी मागे जनरेटर निवांत चालू होता.

मोटरहोम म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, आणि आपल्या गाडीत इंजिन आणि जनरेटर एकाच टाकीतून डिझेल ओढतात. पण जनरेटरची ओढनळी मुद्दाम आखूड ठेवलेली असते. टाकीत साधारण पाव भाग उरला की ती उघडी पडते आणि जनरेटर बंद पडतो. रात्रभर एसी चालवून सकाळी गाडीच जागची हलेना असं होऊ नये म्हणून केलेली ही सोय. म्हणजे जनरेटर चालतोय तोवर टाकीत निदान पावभर डिझेल आहेच. काटा म्हणतोय शून्य. दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्नच नाही, कारण जनरेटर हवेवर चालत नाही.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो: सेंडर (टाकीतली पातळी काट्याला कळवणारा भाग) गेला, बदलून टाक. सांगायला सोपं आहे. साध्या कारमध्ये मागची सीट उचलली की खाली झाकण असतं. इथे टाकी चेसीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये, वर सहा सेंटिमीटर जाडीची फरशी आणि त्यावर पलंग. सेंडरला हात लावायचा तर अख्खी टाकी खाली उतरवायची. तेव्हा आधी मोजमाप, मग पाना.

काट्याच्या तऱ्हा लिहून काढल्या. दिवसा दाखवतो त्यापेक्षा रात्री कमी दाखवतो. इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर थोडा नाचतो. अर्ध्याच्या आसपास असला की अचानक शून्यावर कोसळतो आणि पुन्हा वर येतो. आणि टाकी भरल्यावर बराच वेळ वरच रेंगाळतो, पण पावाच्या खाली आला की धावत सुटतो. या चारही गोष्टी एकाच बिघाडाने होतील असं वाटत नाही. नाचणं, कोसळणं आणि धावणं ही तीन वेगळी लक्षणं आहेत, आणि प्रत्येकाचं मूळ वेगळ्या जागी असू शकतं.

५ ऑक्टोबर

गेजची, म्हणजे डॅशबोर्डवरच्या काट्याच्या यंत्राची, जोडणी कागदावर काढली. इग्निशनमधून १२ व्होल्ट गेजला येतात, गेजमधून एक वायर मागे सेंडरला जाते, सेंडरमधून अर्थ (विजेच्या परतीची वायर), अर्थमधून चेसी, चेसीतून बॅटरीचा निगेटिव्ह. सेंडर म्हणजे फ्लोटच्या (डिझेलवर तरंगणाऱ्या डबीच्या) दांडीने फिरणारा एक बदलता रेझिस्टन्स, म्हणजे विजेच्या वाटेतला ओहममध्ये मोजायचा अडथळा, बाकी काही नाही. त्यामुळे डॅशबोर्डवरचा काटा खरं तर डिझेल मोजतच नाही, या सगळ्या वाटेतला रेझिस्टन्स मोजतो. वाटेत कुठेही काही वाढलं की ते टाकीच्या हिशोबात धरलं जातं.

सेंडरचा पल्ला गाडीगणिक बदलतो आणि तो माहीत असल्याशिवाय मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. आपला २४०–३३ चा: रिकामी टाकी २४० ओहम, भरलेली ३३, मध्यावर १०० च्या जरा वर. कित्येक युरोपीय गेज बरोबर उलटे असतात, रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. अमेरिकन गाड्यांत ० ते ९० चाही पल्ला सापडतो. हे लिहून ठेवण्याचं कारण असं की वायर तुटली तर काटा कुठे जाईल ते यावरच ठरतं. आपल्याकडे वायर तुटणं म्हणजे रेझिस्टन्स अनंत, म्हणजे काटा रिकामीवर. १०–१८० च्या गाडीत त्याच बिघाडाने काटा फुलच्याही पुढे जाऊन टेकेल. दुसऱ्याच्या गाडीचा अनुभव आपल्या गाडीला लावण्याआधी एवढं तपासलेलं बरं.

टाकीच्या शेजारी चेसीवर सेंडरचा दोन वायरींचा कनेक्टर आहे. नशीब, तो तरी हाताला येतो. कनेक्टर सोडून तिथे सेंडरऐवजी साधे रेझिस्टर लावले. ३३ ओहम लावल्यावर काटा फुलवर. १०० लावला, काटा मध्याच्या अगदी किंचित वर. २४० चा नेमका रेझिस्टर हाताशी नव्हता म्हणून २२० आणि २२ ओळीत जोडले. २४२ झाले, काटा रिकामीच्या रेघेवर. गेज काय दाखवतंय ते प्रत्येक वेळी मिनिटभर थांबून पाहिलं, कारण या काट्याच्या बुडाशी घट्ट सिलिकॉन तेल असतं आणि तो सावकाश सरकतो. वायर थेट चेसीला टेकवून बघायची पद्धत सर्रास आहे. त्यातून फक्त काटा हलतो का एवढंच कळतं, बरोबर दाखवतो का ते नाही. शिवाय तापणाऱ्या पट्टीचे जुने गेज तशा टेकवण्याने बिघडू शकतात.

इंजिन सुरू करून पाहिलं. बॅटरी १२.५ वरून १४.२ व्होल्टवर गेली, काटा जागचा हलला नाही. म्हणजे दोन कॉइलवाला गेज आहे, व्होल्टेजच्या चढउताराला फारसा जुमानत नाही. रात्री कमी दाखवण्याचं खापर बॅटरीवर फोडता येणार नाही.

गेज निर्दोष, पुढून मागे येणारी वायर निर्दोष. उरलं ते कनेक्टरच्या मागचं.

६ ऑक्टोबर

आजची चाचणी सगळ्यांत मजेची. मित्राला चालकाच्या सीटवर बसवलं, सेंडर परत जोडला, इग्निशन चालू, गाडी सपाट जागी उभी. मी मागे मल्टिमीटर घेऊन जमिनीवर आडवा. एक टोक सेंडरच्या अर्थ वायरवर, दुसरं लांब वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. नुसत्या इग्निशनला ०.०२ व्होल्ट. हे ठीकच.

"दिवे लाव."

"लावले."

मीटरवर १.१ व्होल्ट.

"आता ब्रेक दाब."

"दाबला... अरे, काटा पडला की रे!"

मीटरवर २ व्होल्ट. ब्रेक सोडला, पुन्हा १.१. गाडी जागेवर उभी, टाकीतलं डिझेल थेंबभर हललेलं नाही आणि काटा ब्रेकबरोबर खालीवर होतोय. रस्त्यावर हेच व्हायचं तेव्हा आपण समजायचो की ब्रेक दाबल्यावर डिझेल पुढे हिंदकळतं.

हिशोब सरळ आहे. मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि कोचच्या (चेसीवर बांधलेल्या घराच्या) कडांवरचे ते सगळे छोटे खुणेचे दिवे मिळून सुमारे ४ अँपिअर ओढतात. ब्रेकचे २१ वॉटचे दोन दिवे त्यात साडेतीन घालतात. सेंडरमधून जाणारा प्रवाह त्यापुढे नगण्य, काही दशक मिलिअँपिअर. पण सगळ्यांची अर्थ एकाच बोल्टवर. त्या बोल्टपाशी पाव ओहमच्या आसपास रेझिस्टन्स साठला असेल तर दिव्यांचा प्रवाह तिथून जाताना सेंडरची अर्थ व्होल्ट–दोन व्होल्टने उचलली जाते. सेंडरमधला प्रवाह घटतो, गेजला वाटतं रेझिस्टन्स वाढला, आणि काटा खाली. रात्री कमी दाखवणं आणि इंडिकेटरबरोबर नाचणं, दोन्हीची फोड झाली.

मुद्दाम एक गोष्ट केली. दिवे बंद करून, वायर सोडून, तोच सांधा ओहमवर मोजला. मीटरने ०.५ दाखवलं, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२ च्या होत्या. असा आकडा पाहून कोणीही "अर्थ ओके" म्हणून उठेल. २४० ओहमच्या सेंडरपुढे ०.३ ची काय मातब्बरी! अर्थ तपासायची ती भार टाकून, व्होल्टमध्ये. ओहममध्ये ती नेहमी सभ्यच दिसते.

७ ऑक्टोबर

मागच्या आडव्या पट्टीवरचा तो बोल्ट उघडला. एकावर एक पाच लग (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या). सगळ्यांत खाली चेसी बनवणाऱ्याची मूळ वायर, तिच्यावर कोच बांधणाऱ्याने आपले दिवे, मागचा कॅमेरा आणि आणखी काहीबाही चढवलेलं. चेसीवाल्याने हा बोल्ट दोन दिव्यांसाठी आणि एका सेंडरसाठी दिला होता; कोचवाल्याला तो आयता सापडला. मागच्या चाकाने उडवलेलं पाणी नेमकं इथेच येतं. वरून पाहिलं तर लग चकचकीत. खालचा लग उचलला तर त्याच्याखाली तपकिरी पूड आणि तिच्या खाली रंग. रंग खरवडलेलाच नव्हता. इतके दिवस वीज बोल्टच्या आट्यांमधून चेसीत उतरत होती.

पट्टीचा रंग खरवडून लखलखीत लोखंड काढलं, लग बदलले, दातेरी वॉशर घातला, घट्ट केलं, वरून ग्रीसचा थर. ग्रीस घट्ट केल्यावर, आधी नाही. दिव्यांना एक बोल्ट आणि कोचच्या जास्तीच्या वायरींना वेगळा बोल्ट दिला.

सेंडरची अर्थ मात्र तिथे परत लावली नाही. तिच्यासाठी स्वतंत्र वायर पुढे, गेजची अर्थ जिथे आहे तिथपर्यंत नेली. प्रवाह एवढा कमी की बारीक वायरही चालली असती. दीड चौरस मिलिमीटरची घेतली ती फक्त रस्त्याच्या धक्क्यांना तुटू नये म्हणून. सांधे क्रिंप करून (दाबून आवळून), श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवून, कोरुगेटेड पाइपात. एक्झॉस्टपासून वीतभर लांब ठेवली आणि हँडब्रेकच्या केबलला कुठे घासत नाही ते दोनदा पाहिलं.

पुन्हा तीच चाचणी: दिवे, ब्रेक, इंडिकेटर, ब्लोअर, सगळं एकदम. ०.०२ व्होल्ट. काटा ढिम्म.

१२ ऑक्टोबर

रात्र आणि दिवस आता सारखे. नाच थांबला. अर्ध्यावरचं कोसळणं मात्र जसंच्या तसं, आणि आता आजूबाजूचा गोंगाट गेल्यामुळे उलट जास्त स्वच्छ दिसतंय. काटा मध्याजवळ आला की धाडकन शून्य, रस्त्याला वळण आलं की परत वर. फुलला किंवा पावाला असं काहीच होत नाही.

ठराविक पातळीलाच होणारा बिघाड वायरीचा नसतो. वायर ढिली असती तर ती कुठल्याही पातळीला त्रास देती. हा सेंडरच्या आतला, फिरत्या बोटाखालचा बिघाड. तरी टाकी उतरवण्याआधी पुरावा हवा.

कनेक्टरपासून दोन लांब वायरी केबिनमध्ये आणल्या आणि सेंडर थेट मीटरला जोडला. डिजिटल मल्टिमीटर इथे कुचकामी. तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, मधली क्षणभराची तूट त्याच्या हातून निसटते. म्हणून अडगळीतून काट्याचा जुना मीटर काढला. मित्राने गाडी चार हात पुढे घेतली, हलकेच ब्रेक, चार हात मागे, पुन्हा ब्रेक. टाकीतलं डिझेल हेलकावू लागलं आणि मीटरचा काटा ९२ ते ११८ ओहमच्या मध्ये झोके घेऊ लागला. या झोक्यात प्रत्येक वेळी, साधारण ९८ ते १०४ च्या पट्ट्यात, काटा झटकन अनंताकडे जायचा आणि पट्टा ओलांडला की परत. जाताना तिथेच, येताना तिथेच.

पुरावा झाला. टाकी उतरवायची.

१३ ऑक्टोबर

फरशीला झाकण कापायचं की टाकी उतरवायची यावर मित्राशी बरीच हुज्जत झाली. त्याचं म्हणणं, एकदा कापलं की कायमची सोय. मला फरशीच्या पोटात काय काय पळवलंय याचा भरवसा नाही: पाण्याच्या नळ्या, गॅसची नळी, वायरी. नकाशा कोणी दिलेला नाही. आंधळेपणाने करवत घालायची नाही. टाकी उतरवू.

१८ ऑक्टोबर

तयारी. टाकी जितकी रिकामी तितकी बरी. डिझेलचं एक लिटर म्हणजे सुमारे ८४० ग्रॅम, तेव्हा अर्ध्या टाकीचं वजनच ७५–८० किलो, आणि ते आत हिंदकळणारं. पंपाने झाकणाच्या डब्यांमध्ये काढून घेतलं, तळाला थोडंच ठेवलं. टाकीच्या पट्ट्यांच्या बोल्टांना गंज सोडवणारं तेल आजच मारलं, रात्रभर मुरू दे.

मोटरहोममध्ये "बॅटरी काढली" एवढ्याने भागत नाही. चेसीची बॅटरी काढली, कोचच्या बॅटऱ्या काढल्या, तरी छतावरचं सोलर पॅनेल ऊन आहे तोवर जिवंतच. त्याचाही स्विच पाडला. इन्व्हर्टर बंद, बाहेरची वीज काढलेली. आणि गॅस सिलिंडरपाशीच बंद केला, कारण गॅसवर चालणारा फ्रिज स्वतःहून ठिणगी पाडून पेटतो आणि पाणी तापवणारा बंबही तेच करतो. ज्या गाडीखाली टाकी उघडी करून झोपायचं त्या गाडीच्या कुशीत ज्योत नको. डिझेल असल्यामुळे हे काम स्वतः करायचं धाडस आहे. त्याची वाफ पेट घ्यायला साधारण ५५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. पेट्रोलची वाफ गोठवणाऱ्या थंडीतही पेटते. गाडी पेट्रोलची असती तर मी या नोंदीत "सुसज्ज कारखान्यात नेली" एवढंच लिहिलं असतं.

१९ ऑक्टोबर

जॅकवर फळी, फळीवर टाकी. भरण्याचा जाड होज, हवेची नळी, इंजिनाची ओढ, इंजिनाची परत, जनरेटरची ओढ: पाचही नळ्यांना रंगीत चिकटपट्ट्या लावून, फोटो काढून सोडल्या. इंजिनाची ओढ आणि परत यांची जाडी जवळजवळ सारखी, अदलाबदल झाली तर दिवस जाईल. पट्ट्यांचा एक बोल्ट तुटला. तो तुटणारच होता. टाकी इंच इंच खाली घेतली, मध्येच थांबून सेंडरचा कनेक्टर सोडवला आणि सगळं धूड बाहेर ओढलं.

सेंडर काढण्याआधी त्याच्याभोवतीची माती ब्रशने आणि हवेने साफ केली, नाहीतर ती सगळी टाकीत. पाच स्क्रू आहेत, आणि त्यांची भोकं सारख्या अंतरावर नाहीत. त्यामुळे सेंडर एकाच दिशेने बसतो. फ्लोटची दांडी चुकीच्या बाजूला वळायला वावच नाही. ज्याने हे ठरवलं त्याला नमस्कार.

सेंडर टेबलावर घेऊन भिंगाखाली धरला. चपट्या पट्टीभोवती केसाएवढी बारीक तार गुंडाळलेली, एकाला एक चिकटून, आणि तिच्या धारेवरून फ्लोटच्या दांडीला जोडलेलं पितळी बोट घासत जातं. दोन्ही टोकांना तार अजून करडी, मंद. मध्याकडे येता येता ती चकाकू लागते आणि ऐन मध्यावर पाच-सहा वेढे झिजून सपाट झालेत, एक तुटून वर आलाय. बोटाला तिथे खळगा पडलाय. दांडी हाताने सावकाश फिरवली तर त्या जागी बोट किंचित अडखळतं, ते बोटांना जाणवतं. बहुतेक वेळ टाकी अर्ध्याच्या आसपास असते आणि डिझेल सतत हिंदकळतं, म्हणून बोट जन्मभर त्याच जागी मागेपुढे घासत राहिलं. टोकांना फारसं कोणी जातच नाही.

फ्लोट कानाशी धरून हलवला, आत डिझेल खळखळत नाही. गरम पाण्यात बुडवला, बुडबुडे नाहीत. शाबूत आहे. फ्लोट गळका असता तर काटा सगळ्याच पातळ्यांना कमी दाखवता आणि शेवटी शून्यावरच बसता. आपलं लक्षण ते नव्हतंच.

आता टाकी उघड्यावर आहेच तर टेप लावला. आणि चौथ्या तऱ्हेचं उत्तर समोर आलं. टाकी चौकोनी डबा नाही. लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ५५, खोली ३२. पण खालची १० सेंटिमीटर फक्त पुढच्या ७० सेंटिमीटर लांबीतच आहे. मागचा भाग चेसीच्या आडव्या पट्टीला जागा द्यायला वर उचललाय, जिन्याच्या पायरीसारखा. वरच्या भागात एक सेंटिमीटर उंची म्हणजे ६.६ लिटर, खालच्या भागात एक सेंटिमीटर म्हणजे ३.८५. गाडी तेवढंच डिझेल पिते, पण पायरीखाली आल्यावर पातळी पावणेदोन पट वेगाने उतरते. काटा उंची दाखवतो, लिटर नाही. धावणं हा बिघाड नाही, टाकीचा आकार आहे. कितीही चांगला सेंडर आणला तरी हे असंच राहणार.

जनरेटरची ओढनळीही मोजली. तिचं तोंड तळापासून ११ सेंटिमीटरवर. हिशोबाने खाली ४५ लिटर उरतात. एकूण १८४ मधले. इंजिनाची नळी तळापासून २ सेंटिमीटरवर, म्हणजे साडेसात-आठ लिटर कायमचे हिशोबाबाहेर.

२० ऑक्टोबर

सेंडर कोणता घ्यायचा? तसाच दांडीचा घेतला तर पुन्हा तीच झीज, फक्त नव्याने सुरू. दुसरा प्रकार नळीचा: उभी नळी, तिच्यावर वरखाली सरकणारा चुंबकी फ्लोट, आणि नळीच्या पोटात ओळीने बसवलेले छोटे रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की लागणारे. फ्लोट जिथे असेल तिथला स्विच लागतो आणि तेवढा रेझिस्टन्स वाटेत येतो. डिझेलमध्ये घासणारं काहीच नाही. तोटा असा की काटा सलग सरकत नाही, पायऱ्यांनी उतरतो. दोन सेंटिमीटरची एक पायरी धरली तर वरच्या भागात एका पायरीत १३ लिटर. एवढ्या मोठ्या टाकीला ते मला चालतं. दुसरं म्हणजे नळीची लांबी आधीच नक्की करावी लागते, दांडीसारखी वाकवून जमवता येत नाही. टाकी ३२ ची, नळी ३० ची घेतली. तळाला दोन सेंटिमीटर मोकळे हवेत, कारण तिथे गाळ साठतो आणि टाकीचा पत्राही थोडा वरखाली होतो.

विद्युतधारितेवर चालणारा, हलता भागच नसलेला सेंडरही मिळतो. पण त्याची मोजणी इंधनाच्या गुणधर्मावर अवलंबून असते, इंधनात मिसळ बदलली की आकडा सरकू शकतो. नको.

मागवताना पल्ला २४०–३३ हे दोनदा सांगितलं.

२६ ऑक्टोबर

टाकी आतून पुसून घेतली, तळाला काळपट चिकट गाळ होता. नवा सेंडर, नायट्राइल रबराचं गॅस्केट. नेहमीचं सिलिकॉन लावायचं नाही. डिझेलने ते फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे फिल्टरकडे निघतात. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, एकदम एक बाजू नाही.

टाकी वर चढवण्याआधीच मोजणी केली. जमिनीवर, पाणसळ लावून, गेजला लांब वायरींनी जोडून, खुणेच्या डब्याने दहा दहा लिटर ओतत गेलो. प्रत्येक वेळी ओहम आणि काटा लिहिला. पहिल्या दहा लिटरला काटा हललाच नाही, फ्लोट तळाच्या अटकावावर बसलेला. १३–१४ ला त्याने पहिली पायरी घेतली. पाव म्हणतो तेव्हा ३८ लिटर. अर्धा म्हणतो तेव्हा ८०. पाऊण म्हणजे १२२. फुलला टेकला तो १६४ ला, त्याच्या वर टाकीत २० लिटरची जागा असताना. म्हणून भरल्यावर तो वरच रेंगाळतो. ती जागा शेवटच्या थेंबापर्यंत भरायचीही नाही. डिझेल तापलं की दर अंशाला हजारात सुमारे ०.८ भाग फुगतं, २० अंशांच्या फरकाने टाकीभर डिझेल तीन लिटर वाढतं.

हे काम टाकी खाली असतानाच करायचं. वर गेल्यावर कोणाला उत्साह राहत नाही. मोजणी झाल्यावर सगळं डिझेल पुन्हा डब्यांत काढलं तेव्हा मित्राचा चेहरा बघण्यासारखा होता.

संध्याकाळी टाकी वर. नवे बोल्ट, पट्ट्यांखाली नव्या रबराच्या पट्ट्या. नळ्या रंगाप्रमाणे. भरण्याच्या होजला मध्ये झोळ पडत होता, तिथे डिझेल साचून हवा अडते आणि पंपाची बंदूक मध्येच खटकन बंद होते. एक क्लॅम्प वाढवून होज सलग उताराला आणला. टाकी भरलीच नाही आणि आपण भरली समजलो, तरी दोष काट्याच्याच माथी येतो.

२ नोव्हेंबर

भरपूर चालवली. घाट, खड्डे, रात्र. काटा पायऱ्यांनी उतरतो, पडत नाही. सेंडरच्या झाकणाभोवती आरसा घालून पाहिलं, भरल्या टाकीने उतारावर उभी करूनही कोरडं.

चढावर काटा कमी दाखवतो, तो दाखवणारच. सेंडर खोल भागाच्या मधोमध आहे, म्हणजे अख्ख्या टाकीच्या मध्यापासून २५ सेंटिमीटर पुढे. शंभरात पाचचा चढ असला की त्याच्याखालची पातळी सव्वा सेंटिमीटर उतरते, म्हणजे आठ लिटरचा फरक. उतारावर तेवढंच जास्त. मुक्कामाला गाडी जॅकवर सपाट केली की जो आकडा दिसेल तो खरा धरायचा.

९ नोव्हेंबर

जनरेटरची परीक्षा राहिली होती. गाडी सपाट करून, भार टाकून जनरेटर चालू ठेवला आणि काटा उतरताना पाहिला. पावाच्या एक पायरी वर असताना जनरेटर धापा टाकून बंद पडला. कागदावरचा हिशोब ४५ लिटरचा होता. मोजणीच्या तक्त्यात ती पायरी ४० ते ४८ लिटरची आहे. जुळलं.

तक्ता चालकाच्या बाजूच्या सूर्यझडपेच्या मागे चिकटवला: रिकामी १३, त्यातले इंजिनाला मिळणारे जेमतेम ५, पाव ३८, अर्धा ८०, पाऊण १२२, फुल १६४ किंवा जास्त. यापुढे डिझेल पावाच्या रेघेवर भरायचं. तिथून खाली काटा खरंच दाखवतो, फक्त भराभर दाखवतो.

शिल्लक काम: कोचच्या बाकीच्या अर्थ बोल्टांवर भार टाकून व्होल्ट मोजणे. पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या बोल्टवर पायऱ्यांची मोटर आणि पाण्याचा पंप एकत्र आहेत, आणि पायऱ्या हल्ली सावकाश उघडतात.